सार्मा, डोलमा आणि आपला खिमा

सर्बियातल्या बेलग्रेडला जाऊन आलेल्या एका वाचकाने विचारलंय : तिथे खाल्लेला 'सार्मा', म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेलं खिम्याचं सारण, आणि इथे गाडीवर मिळणारा 'शॉरमा' हा एकच शब्द का? आणि सार्मा म्हणजेच डोलमा ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मुळीच नाही! पानात काहीही गुंडाळलेलं दिसलं की 'डोलमा' म्हणून मोकळं व्हायची सवय फार बोकाळली आहे. तुर्कीत 'दोलमाक' म्हणजे भरलं जाणं, म्हणून सारण भरलेली भाजी ती डोलमा; आणि 'सारमाक' म्हणजे गुंडाळणं, त्याचा सार्मा. भरली वांगी आणि अळूवडी यांत आपण कधी घोळ घालतो का?

घोळ ग्रीकांनी घातला. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांना ते 'डोल्मादेस' म्हणतात आणि खरोखर भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांना 'येमिस्ता', म्हणजे स्वतःच्या भाषेत पुन्हा 'भरलेले'च. खुद्द तुर्कस्तानातही पानांच्या गुंडाळ्यांना 'याप्राक दोलमासी' म्हणतात, असं जाणकार मला सुनावतात. म्हणत असतील. घरच्यांनी केली म्हणून चूक बरोबर ठरत नाही. बॉस्नियात मोस्तारला जा, तिथे कांद्याच्या पाकळ्यांत सारण भरलेला पदार्थ 'सोगन-डोलमा' आहे. सोगन म्हणजे कांदा. काय चोख नाव आहे!

सार्मा करताना खारवून आंबवलेल्या कोबीच्या गड्ड्याचं पान घेतात, देठाकडची जाड शीर तासतात, खिमा आणि तांदळाचं सारण ठेवून घट्ट गुंडाळतात आणि दोन्ही टोकं बोटाने आत खुपसतात. गुंडाळतात, म्हणून सार्मा.

आता खरी गंमत त्या शेवटच्या 'मा'मध्ये आहे. तुर्कीत धातूला 'मा' किंवा 'मे' लागलं की क्रियेचं नाम तयार होतं. 'चेविरमेक' म्हणजे फिरवणं, त्याचं 'चेविर्मे', ते अरबीत जाऊन 'शावरमा' झालं. म्हणजे शॉरम्याचा धातू वेगळा, प्रत्यय तेवढा सार्म्याचा. 'कावुरमाक' म्हणजे परतणं, त्याचं 'कावुर्मा', तोच आपल्या हॉटेलांतला कुर्मा. आणि 'कियमाक' म्हणजे बारीक चिरणं, त्याचं 'कियमा'. हाच आपला खिमा! कुणी त्याला अरबी म्हणतं, कुणी फारसी. ही मंडळी शब्द आला ती वाट सांगतात, त्याचं गाव सांगत नाहीत. गाव तुर्की आहे. बेलग्रेडला कोबीच्या पानात गुंडाळलेलं सारण तुम्ही खाल्लंत ना, त्यातला खिमाही सार्म्याच्याच घरचा.