साइड व्हील लावलेल्या ॲक्टिव्हाचं ॲव्हरेज ४८ वरून ३१ का आलं, आणि धुळ्याहून तोरणमाळला टाकी पुरेल का?

भाऊ, तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. ॲक्टिव्हा ६जीला मागे दोन्ही बाजूंनी तोल सांभाळणारी जास्तीची चाकं, म्हणजे साइड व्हीलचं किट लावल्यावर ॲव्हरेज ४८ वरून ३१ वर आलं, ते बरोबर आहे का. दिवाळीनंतर वहिनींना घेऊन धुळे-दोंडाईचा-सारंगखेडा-शहादा-तोरणमाळ जायचंय, तर एका टाकीत किती जाईल. आणि बाटलीत पेट्रोल सोबत ठेवावं का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो: नाही. बाकीच्यांना हिशेब लागेल.

साइड व्हील लावल्यावर ॲव्हरेज पडतंच. तीस-पस्तीस किलो लोखंड वाढतं, दोन टायर जास्तीचे घासतात, गाडी रुंद झाल्याने वारा जास्त अडतो. यासाठी मी १५ ते २० टक्के घट धरतो. म्हणजे तुमची गाडी ३८ ते ४० ला यायला हवी होती. ३१ म्हणजे ३५ टक्के घट. मधलं सात ते नऊचं अंतर किटचं नाही, बसवण्याचं आहे, आणि ते परत मिळवता येतं.

त्याआधी ३१ हा आकडा तरी खरा आहे का ते बघा. टाकी ५.३ लिटरची. एवढ्या लहान टाकीत एकदाच फुल-टू-फुल (टाकी फुल करून, चालवून, पुन्हा फुल करून) मोजलं आणि पंपावर पाव लिटर इकडचं तिकडे झालं, तरी आकडा पाच टक्के चुकतो. साध्या स्कूटरला स्टँडवर सरळ उभी करता येते. तुमची गाडी मात्र जमिनीचा उतार जसा असेल तशीच कलते, त्यामुळे पेट्रोल टाकीत एका बाजूला जातं आणि नोझल लवकर किंवा उशिरा कट होतं. म्हणून एकच पंप, एकच नोझल, गाडी त्याच जागी त्याच दिशेने उभी, आणि पहिल्या कटला थांबायचं. असं सलग तीन वेळा भरा आणि तिन्हींची बेरीज करा. ४०६ किलोमीटरला ११.६ लिटर लागले तर ॲव्हरेज ३५. मीटरवर शंका घेऊ नका, ६जीचा मीटर पुढच्या चाकावरून चालतो, किटमुळे त्यात फरक पडत नाही. पेट्रोलचा काटा मात्र उतारावर उभं राहून वाचू नका.

आकडा खराच ३१ निघाला तर पहिला संशय साइड चाकांच्या सरळपणावर घ्या. फिटर वेल्डिंग करून, बोल्ट आवळून देतो, चाकं डोळ्यांना सरळ दिसतात, विषय संपतो. पण डोळ्यांना पाच मिलिमीटर दिसत नाहीत. दहा इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत पाच मिलिमीटरचा फरक असेल, तर ते चाक दर किलोमीटरला सुमारे वीस मीटर आडवं घासत जातं. फिरता फिरता खरडतं, म्हणजे अर्धा ब्रेक लावून चालवल्यासारखंच. याची खूण टायरवर मिळते. तळहात टायरवरून एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीच्या दातासारखं लागलं, तर चाक वाकडं आहे.

मोजायला फार काही लागत नाही. सपाट सिमेंटची जागा, एक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी किंवा चौकोनी पाइप, आणि टेप. गाडीवर तुम्ही स्वतः बसा, कारण वजन पडल्यावर सस्पेन्शन दबतं आणि चाकाचा कोन बदलतो. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप उपयोगाचं नाही. हँडल सरळ. पट्टी मागच्या मूळ चाकाच्या टायरला पुढे-मागे दोन्हीकडे टेकेल अशी आडवी धरायला लावा. मग पट्टीपासून साइड चाकाच्या रिमपर्यंतचं अंतर ॲक्सलच्या उंचीवर दोनदा घ्या, रिमच्या पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला. दोन्हींतला फरक दोन मिलिमीटरच्या आत हवा. जास्त असेल तर ब्रॅकेटच्या लांबट भोकात बोल्ट सरकवून, नाहीतर ॲक्सल प्लेटमागे वॉशर टाकून तो काढता येतो. भोकं गोलच असतील तर लेथवाल्याकडून लांबट करून घ्या. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायच्या. डावं सरळ आहे म्हणून उजवं सरळ असतं असं नाही.

दुसरी गोष्ट चाकांची उंची. साइड चाकं खाली बसली की गाडी स्थिर वाटते, आणि फिटरलाही तेच हवं असतं, कारण गिऱ्हाईक खूश होतं. पण मग मूळ चाकावरचं वजन उचललं जातं. इंजिनची ताकद जमिनीवर उतरते ती त्याच एका चाकातून. ते हलकं झालं की वाळूवर, ओल्यावर, खडीवर जागच्या जागी फिरतं, पेट्रोल जळतं आणि गाडी हलत नाही. घाटात तर ही अडचण जास्त. आपल्याकडे हे तपासायची सोय गावोगाव आहे: कापूस मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा. तुम्ही गाडीवर बसलेले असताना एक चाक काट्यावर, बाकीची चाकं तेवढ्याच उंचीच्या फळ्यांवर. तिन्ही मागची चाकं अशी एकेक करून मोजा. दोन्ही साइड चाकांची बेरीज मूळ चाकापेक्षा कमी यायला हवी, आणि डाव्या-उजव्यात पाच किलोपेक्षा जास्त फरक नको. साइड चाकांवर जास्त येत असेल तर त्यांच्या शॉकअपचा ताण कमी करा किंवा ब्रॅकेट एक भोक वर घ्या. फार वर घेऊ नका, वळणावर गाडी झुकायला लागते.

उरलेलं पटकन. साइड हबच्या बेअरिंगमध्ये आपल्याकडची धूळ जाऊन ग्रीस कोरडं पडतं. चाक उचलून हाताने फिरवा, खरखर आली तर बेअरिंग बदला. दहा किलोमीटर चालवून, शेवटी ब्रेक फारसा न मारता थांबा आणि हबला हात लावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग जाम आहे किंवा ब्रेक घासतोय. मागचा ड्रम ब्रेकही असाच तपासा. किट बसवताना केबल ओढली जाऊन ब्रेक किंचित लागलेला राहू शकतो. हवा सकाळी थंड टायरमध्ये भरा. मूळ चाकात स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे, म्हणजे एकट्याला २९ आणि दोघांना ३६ पीएसआयच्या आसपास. साइड चाकांना कमी हवा ठेवून धक्के कमी करायची युक्ती काही जण सांगतात. धक्के कमी होतात, ॲव्हरेजही कमी होतं. इंजिनची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा बेल्ट २४,००० किलोमीटरला बदलायचा असतो, पण जास्तीचं वजन ओढणाऱ्या गाडीचा मी २०,००० लाच उघडून बघायला सांगेन. बेल्टच्या पुलीतले रोलर एका बाजूने चपटे झाले असतील तर तेही बदला, नाहीतर इंजिन ओरडतं आणि गाडी वेग घेत नाही.

आणि थोडा दोष पेट्रोलचाही आहे, तो किटवर टाकू नका. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे १० टक्केवाल्या पेट्रोलच्या तुलनेत साधारण साडेतीन टक्के ॲव्हरेज त्यातच जातं. तुमचा ४८ चा आकडा चार-पाच वर्षांपूर्वीचा असेल, तर आज किट काढूनही तो ४६ च्या पुढे जाणं कठीण.

परदेशातल्या तीनचाकी टुरिंग गाड्यांचे व्हिडिओ बघून तुम्ही जाता जाता हेही विचारलंय की त्या एका टाकीत ३०० किलोमीटर कशा जातात. ॲव्हरेजमुळे नाही, टाकीमुळे. हार्ले ट्राय ग्लाइडची टाकी २२.७ लिटरची, आताच्या गोल्डविंगची २१ लिटरच्या आसपास. लिटरला जेमतेम पंधराच्या आगेमागे जातात त्या. तुमची गाडी त्यांच्या दुप्पट चांगलं ॲव्हरेज देते, फक्त टाकी चौथ्या हिश्शाची आहे. त्यामुळे तुम्हाला अंतर सरासरीने मोजून चालणार नाही, सगळ्यात अवघड टप्प्याने मोजावं लागेल.

आता तोरणमाळ. गाडी नीट करून घेतली असं धरू आणि दोघांचं वजन, सामान, कुबड्या धरून सपाटीला ३५ पकडू. ५.३ मधलं शेवटचं एक लिटर मी हिशेबात घेत नाही. ६जीला फ्युएल इंजेक्शन आहे, पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्या पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी वारंवार तळाला नेली की पंप तापून जातो, आणि तो बदलायचा खर्च पाच-दहा टाक्यांपेक्षा जास्त असतो. शिवाय तुमची गाडी वळणावर झुकत नाही, त्यामुळे उरलंसुरलं पेट्रोल बाहेरच्या बाजूला पळतं आणि घाटात इंजिन गचके देतं. म्हणजे वापरायचे ४.३ लिटर. सपाटीला १५० किलोमीटर.

धुळे ते शहादा सुमारे ९५ किलोमीटर, पावणेतीन लिटर. आरामात पोहोचाल. तिथे टाकी फुल करायचीच, अर्धी दिसत असली तरी. पुढे वर पंप मिळेल असं धरून चालू नका.

शहादा तापीच्या खोऱ्यात, तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटरवर. म्हणजे नऊशे ते हजार मीटर चढायचं. गाडी, किट, तुम्ही दोघं आणि सामान मिळून २८० किलो धरा. एवढं वजन तेवढं वर उचलायलाच, इंजिन वाया घालवतं ती उष्णता धरून, ०.४ ते ०.५ लिटर लागतं. सपाटीवरच्या ५०-५५ किलोमीटरचे दीड लिटर अधिक हे अर्धा, म्हणजे वर जाताना दोन लिटर. ॲव्हरेज २७ च्या आसपास दिसेल, घाबरू नका. उतरताना सव्वा लिटर पुरतं. जाऊन-येऊन सव्वातीन लिटर, हातात एक लिटर शिल्लक आणि त्याखालचं एक लिटर न धरलेलं. म्हणून बाटलीची गरज नाही. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल डिकीत ठेवणं, तेही सीटखाली इंजिनच्या उष्णतेजवळ, हा जाळून घ्यायचा प्रकार आहे.

सात पायरी घाटात रेस एकसारखी ठेवा. चढावर थांबायची वेळ आली तर ब्रेक लावून थांबा, रेस देऊन गाडी तोलून धरू नका. क्लच शू त्यानेच जळतात. करपल्यासारखा वास आला तर बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटं इंजिन बंद. ११० सीसीवर हे वजन जास्त आहे हे मान्य करूनच चालवायचं. कुबड्या, पिशव्या मागे लटकवू नका, पुढचं चाक हलकं होऊन हँडल सुटल्यासारखं वाटतं. पाय ठेवायच्या जागी बसेल तेवढंच पुढे घ्या. उतरताना चावी बंद करून गाडी सोडणारे बहाद्दर दिसतात, त्यांचं ऐकू नका. रेस सोडून वेगात उतरताना इंजेक्शन गाडी तसंही पेट्रोल जवळपास तोडते, आणि ड्रम ब्रेकवर एवढं वजन एकट्याने पेलत नाही.

सपाटीवर ४० ते ४५ चा वेग धरा. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ४५ ऐवजी ६० ने गेलात तर तो पावणेदोन पटीच्या वर जातो, आणि रुंद गाडीला ते जास्त जाणवतं. दिवाळीनंतर वारा मंद असतो, ते तुमच्या फायद्याचं. हीच सहल मे महिन्यात काढली असती तर पश्चिमेचा वारा तोंडावर घेत जावं लागलं असतं. साक्रीकडे पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केलेल्या. डिसेंबरात गेलात तर दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची यात्रा असते, पुलाच्या आसपास गाडी दर एक-दोन मिनिटांनी थांबेल. त्या दिवसांत धुळे-शहादा टप्प्याला अर्धा लिटर जास्त धरा. शहाद्याजवळ उसाच्या ट्रॉल्यांना ओव्हरटेक करताना आपली रुंदी लक्षात ठेवा, साइड चाक साइडपट्टीच्या खाली उतरलं की हँडल ओढलं जातं.

टाकी गळ्यापर्यंत भरू नका. पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं; पंधरा अंश तापलं तर पाच लिटरमागे ७५ मिली जागा त्याला लागते. नाहीतर ते व्हेपरच्या कॅनिस्टरमध्ये (पेट्रोलची वाफ धरणाऱ्या डब्यात) जातं आणि गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. ६जीला पेट्रोल बाहेरून भरता येतं, सीट उचलायला उतरावं लागत नाही. एकदा जास्त थांबून भरणं तुम्हाला जड जाणार नाही, तेव्हा परतीतही शहाद्याला पुन्हा फुल करून निघा.

आरसीवर बदलाची नोंद आणि विम्याच्या पॉलिसीत किटचा उल्लेख आहे का, तेवढं निघण्याआधी बघून घ्या. पट्टी लावून मोजलेले आकडे आणि काट्यावरची तीन वजनं इथे टाकलीत तर कुठला बोल्ट किती सरकवायचा ते सांगतो.