तारीख, गोळी आणि धाकधूक

प्रश्न : माझी पाळी कधी २६ दिवसांनी येते, कधी ३३. पाळी थांबल्यावरचे दोन-तीन दिवस 'सेफ' असं ॲप दाखवतं, म्हणून तेवढे दिवस आम्ही कंडोम वापरत नाही. चालेल ना? (वय २५, हिंजवडी)

उत्तर : नाही. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं. मागच्या पाळीनंतर १४ दिवसांनी नव्हे. सगळा घोळ इथेच होतो. बीज १२ ते २४ तास टिकतं, पण शुक्राणू आत ५ दिवसांपर्यंत तग धरतात. तुमचाच हिशेब मांडू. रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला. २६ दिवसांच्या महिन्यात बीज १२व्या दिवसाच्या आसपास सुटेल, ३३ दिवसांच्या महिन्यात १९व्या. १२मधून ५ वजा करा, १९मध्ये १ मिळवा. दिवस ७ ते २० जोखमीचे. म्हणजे तुमचे 'सेफ' दिवस नेमके त्यात पडतात. ॲप मागच्या महिन्यांची सरासरी काढतं. या महिन्यात बीज कधी सुटणार ते त्याला कळत नाही, आणि आजारपण किंवा ताण आला की तेही पुढे सरकतं. पाळी इतकी मागेपुढे होत असेल तर तारखांच्या भरवशावर राहू नका.

'वेळेवर बाहेर काढतो' म्हणणाऱ्यांसाठी जाता जाता : वर्षभरात अशा शंभर जोडप्यांपैकी सुमारे २० जणींना दिवस राहतात. कंडोम वापरणाऱ्यांत सुमारे १३, आणि दर वेळी नीट वापरला तर २.

प्रश्न : कंडोम दोनदा फाटला. ब्रँड बदलू का? (वय २८, कोथरूड)

उत्तर : आधी तो कुठे ठेवता ते पाहा. पाकिटात दबून किंवा स्कूटरच्या डिकीत एप्रिल-मेच्या उन्हात राहिलेलं लॅटेक्स कमकुवत होतं. दुसरा संशयित खोबरेल तेल. तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन यांनी लॅटेक्स काही मिनिटांत खराब होतं. पाण्याचा बेस असलेलं (वॉटर-बेस्ड) जेल मेडिकलमध्ये मिळतं, ते वापरा. पुडी दातांनी फाडू नका. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि मगच उलगडा, नाहीतर फुगा होऊन फुटतो. एकावर एक दोन घालू नका, घासून दोन्ही जातात. संबंधानंतर ताठरता जाण्याआधीच कड धरून बाहेर काढा.

प्रश्न : दोन महिन्यांत तीनदा इमर्जन्सी गोळी घेतली. आता पाळी आठ दिवस लांबलीय. गर्भाशय खराब झालं असेल का? (वय २२, सिंहगड रोड)

उत्तर : गर्भाशयाला काही होत नाही, पुढे मूल होण्यातही अडचण येत नाही. पण आठ दिवस उशीर म्हणजे टेस्ट करायलाच हवी. शेवटच्या संबंधाला २१ दिवस झाले असतील तर निकालावर विश्वास ठेवता येतो. सकाळची पहिली लघवी, किटवर लिहिलेत तितकेच थेंब, आणि सांगितलेल्या मिनिटांतच वाचायचं. तासाभराने उमटलेली फिकट रेघ धरू नका.

ही गोळी (लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम) बीज सुटणं लांबवते, बस. बीज आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. म्हणून संबंधानंतर ७२ तासांची मुदत असली तरी तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते. जितकी लवकर तितकी चांगली. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. लांबलेलं बीज नंतर सुटतंच, त्यामुळे 'आता हा महिना निर्धास्त' हा समज फार महागात पडतो. पाच दिवसांच्या आत तांबी (कॉपर-टी) बसवली तर ती या गोळीपेक्षा कितीतरी खात्रीची, आणि पुढची काही वर्षं चिंता नाही. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

प्रश्न : शिफ्टच्या गोंधळात माला-डी (रोजची गर्भनिरोधक गोळी) दोन दिवस राहून गेली. दुसरा आठवडा चालू आहे. (वय २७, मगरपट्टा)

उत्तर : आठवलं तेव्हाच एक घ्या, आजची नेहमीच्या वेळी. एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. सलग सात गोळ्या होईपर्यंत कंडोम. आधीच्या सात नीट घेतल्या असतील तर इमर्जन्सी गोळी नको. हेच पहिल्या आठवड्यात झालं आणि गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारून ती घ्या. तिसऱ्या आठवड्यात झालं तर शेवटच्या सात लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवं पाकीट सुरू करा. वेळ अशी निवडा की दोन्ही शिफ्टमध्ये तुम्ही जाग्या असाल. संध्याकाळचे सात सहसा जमतात.

प्रश्न : लग्नाला तीन महिने झाले. दोन वर्षं मूल नको, पण सासूबाई म्हणतात गोळ्यांनी पुढे राहत नाही. (वय २६, हडपसर)

उत्तर : गोळ्या थांबवल्यावर बहुतेकींचं चक्र एक ते तीन महिन्यांत रुळावर येतं. सासूबाईंची शंका थोडीफार लागू पडते ती अंतरा इंजेक्शनला. दर तीन महिन्यांचं हे इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला सरासरी ७ ते १० महिने लागू शकतात, तेव्हा ते मोजूनच घ्या. छाया गोळीत हार्मोन नसतात : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, नंतर एकदा. पाळी थोडी लांबते, घाबरू नका. पहिलं मूल व्हायच्या आधीही तांबी बसवता येते. सुरुवातीचे काही महिने रक्तस्राव आणि कळा जास्त असतात. अर्धशिशीत डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाश दिसत असेल, बीपी असेल किंवा टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर माला टाळा. ससून किंवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात ही साधनं मोफत मिळतात.

प्रश्न : लग्न झालेलं नाही आणि टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. डॉक्टर घरी कळवतील का? (वय २१, कर्वेनगर)

उत्तर : नाही. वयाची १८ वर्षं पूर्ण असतील तर गर्भपातासाठी संमती फक्त तुमची लागते आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. साधन फसल्यामुळे राहिलेल्या गर्भाबाबत २०२१च्या दुरुस्तीनंतर कायदा 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' म्हणतो, नवऱ्याची अट नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. मेडिकलमधून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या आणू नका. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेतू शकतं. पोटात एका बाजूला असह्य कळ, चक्कर किंवा खांद्यात दुखणं सुरू झालं तर रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी गाठा.