वहीतली 316 किलोची प्लेट

प्रश्न : मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा (58 टक्के) करून मुंबईत एका जहाज दुरुस्ती यार्डात अ‍ॅप्रेंटिस आहे. आठ महिने झाले. गंज खरवडायचं आणि रंग फासायचं काम, घरी येतो तो माखलेला. माझा धाकटा भाऊ जहाजावर आहे, त्याचं घर झालं, गाडी झाली. मुलाने जीपी रेटिंगचा (खलाशाचा) कोर्स करावा असं मला वाटतं. एजंटने नोकरीसकट साडेचार लाख सांगितलेत. पण तो ऐकत नाही, रात्री वहीत चौकोन काढत बसतो. दोन पानांचे फोटो पाठवतोय. तुम्हीच समजवा. – एक पालक, गुहागर

उत्तर : वहीचे फोटो तुम्ही पुरावा म्हणून पाठवलेत. ते मी तुमच्या पत्रापेक्षा जास्त वेळ पाहिले. पत्रात भावाचं घर आहे, गाडी आहे, एजंटचा आकडा आहे. मुलाला यार्डात नेमकं काय आवडतं, याची एक ओळ नाही. तुम्ही विचारलंच नसावं, असा माझा अंदाज. 58 टक्क्यांपेक्षा मला काळजी याची वाटते.

तो चौकोन म्हणजे जहाजाच्या शेल प्लेटचा, म्हणजे बाहेरच्या पत्र्याचा, बदलायचा तुकडा आहे. मूळ जाडी 14 मिमी. शेजारी अल्ट्रासॉनिक गेजची (ध्वनिलहरींनी पत्र्याची जाडी मोजणाऱ्या उपकरणाची) पाच रीडिंग्ज, सगळ्यात कमी 11. म्हणजे झीज 21 टक्क्यांच्या वर. किती झीज चालेल हे क्लास सोसायटी (जहाजं तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था, तिचा तपासनीस तो सर्व्हेयर) जहाजाचा प्रकार आणि प्लेटची जागा पाहून ठरवते. त्याने तिथे प्रश्नचिन्ह टाकून 'सर्व्हेयरला विचारणे' असं लिहिलंय. खाली 2.4 गुणिले 1.2 मीटर, उत्तर 316 किलो. हिशेब बरोबर आहे, कारण 10 मिमी जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा 78.5 किलो भरतो. पत्रा बदलण्याचं बिल किलोवर होतं, तेव्हा हे आकडे म्हणजे यार्डाचे पैसे. चूक एकच. नव्या तुकड्याचे कोपरे त्याने काटकोनात काढलेत. जुन्या प्लेटच्या मधोमध बसवायच्या तुकड्याचे कोपरे गोल हवेत, त्रिज्या जाडीच्या पाचपट आणि निदान 100 मिमी. टोकदार कोपऱ्यात ताण साठतो आणि तडा तिथूनच जातो. एवढं त्याला सांगा, फक्त रागावून नको.

आता 'गंज खरवडायचं आणि रंग फासायचं काम'. खरवडणं-रंगवणं हा दुरुस्तीचा एक भाग, आणि तोही वाटतो तितका सोपा नाही. ब्लास्टिंग, म्हणजे दाबाने खडे मारून गंज उडवणं, एसए 2.5 या जवळजवळ स्वच्छ धातूच्या दर्जाचं झालं नाही, किंवा पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंश वर नसताना रंग मारला, तर महागातला रंगही पापुद्रे धरून सुटतो. मुंबईच्या पावसाळ्यात हे गणित रोज सकाळी नव्याने मांडावं लागतं. पण ही 316 किलोची प्लेटच घ्या ना. तिच्या आतल्या बाजूला इंधनाची टाकी असेल तर आधी टाकी रिकामी करायची, धुवायची, हवा खेळवायची, वायू तपासायचा, मग हॉट वर्क परमिट, म्हणजे कापण्या-जोडण्याच्या आगीच्या कामाचा परवाना. बाहेरून स्टेजिंग, म्हणजे उभं राहायला मचाण. आतल्या फ्रेमचं जुनं वेल्डिंग कापाच्या रेषेपासून थोडं मागेपर्यंत सोडवायचं, नाहीतर नवा जोड आवळताना पत्रा वाकतो. मग वेल्डिंग, त्याची तपासणी, टाकीची चाचणी, आतल्या बाजूचा जळालेला रंग. मधलं एक काम अडलं की पुढची सगळी माणसं बसून राहतात, जहाज डॉकमध्ये एक दिवस जास्त अडकतं आणि मालकाचं भाडं बुडतं. ही साखळी सांभाळणारा तो शिप मॅनेजर. कामाची किंमत आधीच बांधणारा तो इस्टिमेटर. या दोन्ही खुर्च्यांकडे जाणारा रस्ता तुमच्या मुलाच्या वहीतून जातो.

कामाचा तुटवडा पडेल अशी भीती नको. मालवाहू जहाजाच्या तळाची तपासणी पाच वर्षांत दोनदा करावीच लागते, दोन्हींत 36 महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. जहाज बिघडो न बिघडो, तारीख आली की ते सहसा डॉकवर येतं. शिवाय रूपांतराची कामं. बॅलास्ट पाणी (जहाजाचा तोल राखायला टाक्यांत भरलेलं पाणी) शुद्ध करणारी यंत्रणा बसवण्याची मोठी लाट 8 सप्टेंबर 2024 च्या मुदतीबरोबर ओसरली, पण त्या कामातलं कसब पुढेही लागणार आहे: लेझर स्कॅनवरून पाइपचे तुकडे वर्कशॉपमध्ये बनवायचे, एका टोकाची लांबी मुद्दाम जास्त ठेवायची आणि ते टोक जहाजावर बसवतानाच कापायचं.

जीपी रेटिंग हा दहावीनंतरचा खलाशाचा कोर्स आहे. तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर तो करणं म्हणजे मागे जाणं. भाऊ ऑफिसर आहे की खलाशी, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. आणि जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला नियमानेच बंदी आहे. नोकरीसकट साडेचार लाख सांगणाऱ्याला फोन करणं आजपासून बंद करा.

काळजी करायचीच तर वेगळी करा. टाकीत उतरण्याआधी कोणी मीटर लावतं का, ऑक्सिजन 20.9 टक्के दिसतो का, टाकीच्या तोंडाशी एक माणूस उभा असतो का, हे मुलाला विचारा. बंद टाकीत नुसता गंजही हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो, आणि तो कमी झालेला वासावरून कळत नाही. मीटर न लावता आत पाठवत असतील तर त्याने 'नाही' म्हणायचं, आणि त्या वेळी घर त्याच्या पाठीशी आहे हे त्याला आधीच माहीत हवं. तसं झालं तर यार्ड बदला, क्षेत्र नव्हे.

पुढचं थोडक्यात. त्याची अ‍ॅप्रेंटिसशिप नॅट्सच्या (केंद्र सरकारच्या अ‍ॅप्रेंटिस योजनेच्या) पोर्टलवर नोंदलेली आहे का, ते बघा. नसेल तर शेवटी प्रमाणपत्र मिळणार नाही. नंतर अल्ट्रासॉनिक तपासणीचं लेव्हल 2 प्रमाणपत्र करावं, जाडी मोजण्यात त्याला रस दिसतोच आहे. क्लासचा सर्व्हेयर व्हायचं मनात असेल तर सहसा पदवी लागते, त्यासाठी इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश आहे. अ‍ॅप्रेंटिसशिपचे चार महिने उरलेत. ते पुरे होऊ द्या आणि साडेचार लाख तोवर बँकेतच राहू द्या.