कॅस-९ हे डीएनए कापणारं एन्झाइम वापरून पेशीतला डीएनएचा ठरावीक क्रम चमकवता येतो का? ते तो कापून टाकणार नाही का?

येतो. त्यासाठी डीकॅस-९ वापरायचा. डी१०ए आणि एच८४०ए या दोन बदलांनी त्याची कापण्याची क्षमता घालवलेली असते. गाइड आरएनए (लक्ष्याच्या क्रमाशी जुळणारा छोटा आरएनए) नेईल तिथे तो घट्ट बसतो, कापत नाही. त्याला हॅलोटॅग (रंगद्रव्य पकडून ठेवणारं छोटं प्रोटीन) जोडून रंगद्रव्य चढवलं की प्रोब, म्हणजे लक्ष्य दाखवणारी खूण, तयार. २०१५ साली अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रातून आलेल्या या पद्धतीला कॅसफिश म्हणतात. नेहमीच्या फिशमध्ये (चमकत्या प्रोबने डीएनएचा क्रम शोधायची जुनी पद्धत) डीएनएचे धागे सुटे करायला नमुना तापवावा लागतो आणि केंद्रकाची रचना बिघडते. इथे धागे डीकॅस-९च उलगडतो, ३७ अंश पुरतात.

पहिल्यांदा करताय तर माणसाच्या पेशीतले टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, घ्या. तिथे टीटीएजीजीजी हा क्रम शेकडो वेळा येतो. गाइड जीटीटीए-जीजीजीटीटीए-जीजीजीटीटीए-जीजीजीटीटीए असा घेतला, तर लगेच पुढचा जीजीजी हाच पॅम (कॅस-९ला बसायला लक्ष्याशेजारी लागणारा छोटा क्रम) ठरतो. एकाच क्रमाचा गाइड वापरूनही पाच हजार बेसच्या पट्ट्यात ढोबळ हिशेबाने डीकॅस-९चे दोनशेएक रेणू बसू शकतात, म्हणून ठिपका ठळक दिसतो.

कव्हरस्लिपवरच्या पेशी मिथेनॉल आणि अॅसेटिक अॅसिडच्या १:१ मिश्रणात उणे २० अंशांवर २० मिनिटं ठेवा, मग पीबीएसने (फॉस्फेटयुक्त मिठाच्या द्रावणाने) तीनदा धुवा. नंतर ३७ अंशांवर १५ मिनिटं ब्लॉकिंग, म्हणजे प्रोब भलतीकडे चिकटू नये म्हणून बफरमध्ये ठेवणं. बफर असा: २० मिलिमोलर हेपेस (पीएच ७.५), १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ५ टक्के ग्लिसरॉल, ०.१ टक्का ट्वीन-२०, १ टक्का बीएसए. १ मिलिमोलर डीटीटी ऐन वेळी घाला. दरम्यान रंग चढवलेलं २५ नॅनोमोलर डीकॅस-९ प्रोटीन आणि १०० नॅनोमोलर गाइड खोलीच्या तापमानाला १० मिनिटं एकत्र ठेवा. हे मिश्रण पेशींवर ३७ अंशांवर १५ ते ३० मिनिटं, मग त्याच बफरने तीन धुण्या आणि डापी (केंद्रक दाखवणारं निळं रंगद्रव्य).

गाइड चौपट का? गाइड न मिळालेलं प्रोटीन दिसेल त्या डीएनएला चिकटतं आणि सगळं केंद्रक धूसर उजळतं. तसं दिसलं तर आधी गाइड जेलवर तपासा, बहुतेक वेळा आरएनए तुटलेला निघतो. पेशीभर चमक असेल तर न जोडलेलं रंगद्रव्य उरलंय. प्रोटीन डीसॉल्टिंग कॉलममधून (छोटे रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून) पुन्हा काढा.

पुनरावृत्ती नसलेला जीन पाहायचा असेल तर एका गाइडने काहीच दिसणार नाही. एका रेणूचा प्रकाश पार्श्वभूमीत बुडतो. २०१३ मध्ये जिवंत पेशींत एमयूसी४ जीनचा असा भाग पाहायला निदान २६ गाइड लागले होते, तेही शेजारीशेजारी. शिवाय डीकॅस-९ बसायला पॅमलगतचे थोडे बेस जुळले तरी चालतात, त्यामुळे एकटा गाइड भलतीकडेही बसतो. अनेक गाइड एकाच ठिकाणी जमले तरच त्या ठिपक्यावर विश्वास ठेवा, आणि जीनोममध्ये लक्ष्यच नसलेल्या गाइडची एक कव्हरस्लिप दरवेळी सोबत चालवा.