अर्धा अधिक पाव : सहावीतली मुलगी, गणित आणि तिचे आईबाबा

“मॅडम, हिचं गणित आता आमच्या हाताबाहेर गेलंय. घेऊन बसलं तर रडारड, सोडून दिलं तर नापास. आम्ही नेमकं करायचं तरी काय?”

सहामाहीचे पेपर हातात पडले की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. त्याचं उत्तर एका कुटुंबाच्या अनुभवातून देते. त्यांच्या संमतीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी सहावीत, सेमी इंग्रजी शाळेत. वडील पतसंस्थेत नोकरीला, आकडेमोडीत तरबेज. आई घरी शिवणकाम करते. घरात आजोबा आहेत. चौथीपर्यंत गणितात बरी असलेली ही मुलगी पाचवीत मागे पडायला लागली, आणि सहावीच्या पहिल्या चाचणीत वीसपैकी चार मिळाले. गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी हमखास पोटात दुखायचं. डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतं. त्यांना तपासणीत काही आढळलं नाही.

संध्याकाळी घरात काय होतं, ते तिघांनीही जवळपास सारखंच सांगितलं. बाबा आठला घरी येतात, जेवणं झाली की वही उघडतात. पहिली दहा मिनिटं ठीक जातात. मग “अगं, आत्ताच सांगितलं ना?” सुरू होतं. आवाज चढतो. मुलगी एक उत्तर सांगून बघते, बाबांचा चेहरा पाहून चुकलं हे ओळखते आणि लगेच दुसरं सांगते. शेवटी बाबाच गणित सोडवतात, ती उतरवून घेते. स्वयंपाकघरातून आई म्हणते, “जाऊ दे हो, माझ्यावर गेलीय. मला तरी कुठे जमलं गणित!”

मुलीचं लक्ष वहीकडे उरलेलंच नव्हतं. ती बाबांचा चेहरा वाचत होती.

भीती वाटत असताना गणित का सुचत नाही, याला ठोस कारण आहे. हातचा लक्षात ठेवायचा, मधली पायरी धरून ठेवायची, यासाठी डोक्यात फार थोडी जागा असते, आणि धास्ती तीच जागा अडवते. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ साली हे कॉलेजच्या विद्यार्थ्यांमध्ये दाखवून दिलं. गणिताची धास्ती असलेले विद्यार्थी हातच्याच्या बेरजा करताना जास्त अडखळत होते. “एवढं सोपं येत नाही?” असं आपण म्हणतो, तेव्हा त्या क्षणी ते खरोखरच येत नसतं.

दुसरा अभ्यास शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा, २०१५ सालचा. त्यांनी पहिली-दुसरीच्या मुलांची वर्षभराची प्रगती पाहिली. ज्या आईवडिलांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती, त्यांची मुलं वर्षात कमी शिकली आणि त्यांची भीतीही वाढली. पण हे दिसलं ते फक्त जिथे असे पालक वारंवार गृहपाठात मदत करत होते तिथेच. एका अभ्यासावरून सगळ्या घरांबद्दल बोलू नये. तरी मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण गणित न येणाऱ्या आईला वाटणारी अपराधी भावना त्याने बरीच हलकी होते. तिने रोज वही घेऊन बसलंच पाहिजे असं नाही.

पुढच्या भेटीत मी आईबाबांना मागे बसवलं, मध्ये बोलायचं नाही असं ठरवून. कागदावर लिहिलं : १/२ + १/४. तिने पटकन उत्तर लिहिलं, २/६. कसं काढलंस, विचारलं. “वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली.” मी चूक-बरोबर काहीच म्हटलं नाही.

“दुकानातून अर्धा किलो रवा आणला, आणखी पाव किलो आणला. किती झाला?”

“पाऊण किलो.” क्षणाचाही वेळ लागला नाही.

“पाव कागदावर कसा लिहिशील?”

यावर मात्र ती बराच वेळ थांबली. मग हळूच १/४ लिहिलं. अर्ध्यासाठी १/२. मग मी तिला एका भाकरीचे सहा सारखे तुकडे काढून त्यातले दोन रंगवायला सांगितलं. ते अर्ध्या भाकरीपेक्षा जास्त की कमी? कमी. ती चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, “पण अर्ध्यात मिळवलं ना? मिळवून कमी कसं होईल?”

मागे बाबा बोलायला पुढे झुकले होते. मी हातानेच थांबवलं. हा प्रश्न तिला कोणी घालून दिलेला नव्हता, म्हणून तो मोलाचा होता. अर्धी भाकरी म्हणजे दोन चतकोर, त्यात आणखी एक चतकोर, म्हणजे तीन चतकोर, ३/४. छेद समान करायचा म्हणजे तुकडे सारख्या आकाराचे करायचे, हे तिला तिथे कळलं. पाचवीत तिने ती रीत पाठ केली होती, पण कशासाठी ते कळलं नव्हतं, म्हणून ती टिकली नाही.

मग १/३ + १/४ घेतलं आणि दुसरी अडचण समोर आली. तीन आणि चार दोन्हींच्या पाढ्यात येणारी संख्या शोधायला ती दर वेळी पाढा पहिल्यापासून म्हणत होती. मधूनच विचारलं की अडत होती.

आता घरी काय करायचं. बाबांना मी महिनाभर शिकवणं बंद करायला सांगितलं. जेवणाआधी वीस मिनिटं बसायचं, तिने सोडवलेलं एक गणित तिने समजावून सांगायचं, त्यांनी ऐकायचं. एकच प्रश्न विचारायचा : “कसं काढलंस?” आणि तो उत्तर बरोबर असतानाही विचारायचा. एरवी आपण तो चुकल्यावरच विचारतो, त्यामुळे प्रश्न कानावर पडताच मुलं उत्तर खोडायला घेतात. बाबांना हे जड गेलं. “चूक समोर दिसत असताना गप्प बसायचं?” ते म्हणाले. शेवटपर्यंत जाऊ द्या, मी म्हटलं, आणि मग विचारा, उत्तर अर्ध्याहून मोठं यायला हवं की लहान? चूक तिची तिला सापडू दे.

आईशी बोलताना मी शिवणाचा विषय काढला. ब्लाऊज बेतताना काय करता? “छातीचा चौथा भाग घ्यायचा, त्यात शिलाईची जागा सोडायची.” छाती ३४ असेल तर? “साडेआठ.” कागद लागला नाही, पेन लागलं नाही. टेपवरचा पाव इंच, अर्धा इंच, पाऊण इंच रोज हाताखालून जाणारी ही बाई वर्षानुवर्षं स्वतःला गणित येत नाही असं म्हणत होती, आणि मुलगी ते ऐकत होती. ‘माझ्यावर गेलीय’ हे वाक्य बंद करा, एवढंच मी मागितलं. पुढच्या आठवड्यात त्या आपणहून मुलीला टेप घेऊन शेजारी बसवायला लागल्या होत्या.

पाढ्यांचं काम आजोबांनी घेतलं. त्यांना पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा आणि दीडचे पाढे) अजून पाठ आहेत. पाढे पाठ हवेतच, असं माझं स्पष्ट मत आहे. डोक्यातली ती थोडीशी जागा त्याने मोकळी राहते. पण नुसते ओळीने म्हणून भागत नाही. सात आठे आठवत नसेल तर सात चोक अठ्ठावीस, त्याची दुप्पट छप्पन्न, अशी वाट मुलांना दाखवावी लागते.

सेमी इंग्रजीच्या घरांत आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. बाबा लसावि म्हणतात, शाळेत एलसीएम. बाबा म्हणतात चौसष्ट, मुलगी क्षणभर विचार करून ४६ लिहिते, कारण आपण मराठीत एकक आधी बोलतो. (२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात सत्तावीससाठी ‘वीस सात’सारखं संख्यावाचन आलं तेव्हा मोठा वाद झाला होता. त्यामागची मुलांची अडचण मात्र खरी आहे.) बालभारतीची मराठी आणि इंग्रजी माध्यमांची गणिताची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात. दोन्ही शेजारी ठेवून धडा वाचा, असं मी बाबांना सुचवलं. शाळेत कोणती रीत वापरतात हे त्यांना त्यातून समजलं, आणि “आमच्या वेळी असं नव्हतं” हा रोजचा वाद थांबला.

शिक्षकांना भेटतानाही मार्कांवर बोलू नका, ती नेमकी कुठे अडते ते विचारा, असं सांगितलं होतं. बाईंनी वर्गातल्या वह्या काढून दाखवल्या. वजाबाकीत शून्य आलं की तिचं चुकतं, हे आम्हाला त्यांच्यामुळेच कळलं.

आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “हिला डिस्कॅलक्युलिया असेल का?” (संख्या आणि आकडेमोड समजण्यातली मुळातली अडचण, अध्ययन अक्षमतेचा एक प्रकार.) या मुलीला किमतींचा अंदाज येत होता, घड्याळ कळत होतं, सुटे पैसे मोजता येत होते, आणि समजावल्यावर शिकलेलं टिकत होतं. त्यामुळे मला तशी शंका आली नाही. पण तिसरी-चौथीतल्या मुलाला भरपूर सरावानंतरही दोन संख्यांतली मोठी कोणती हे सांगता येत नसेल, छोट्या बेरजाही दर वेळी एकापासून मोजाव्या लागत असतील, तर तपासणी जरूर करा. (पहिली-दुसरीतल्या मुलांनी बोटांवर मोजण्यात काहीच वावगं नाही.) मुंबईत सायन रुग्णालयात त्यासाठी केंद्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. लोक काय म्हणतील म्हणून हे लपवणाऱ्या घरांत मुलाची वर्षं वाया जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

वार्षिक परीक्षेत तिला निम्म्याहून थोडे जास्त गुण मिळाले. वेग अजून कमी आहे, शाब्दिक उदाहरणं अर्धवट वाचायची सवय आहे. पोटदुखी मात्र दुसऱ्या सत्रातच थांबली.

सातवीत गेल्यावर बाबांचा फोन आला. ऋण गुणिले ऋण धन का होतं, असं तिने विचारलं होतं. त्यांना नियम माहीत होता, कारण माहीत नव्हतं. मी म्हटलं, तिला तसंच सांगा, आणि सरांना विचारून मलाही समजाव म्हणा. ती विचारून आली, बाबांना समजावलं. बाबांना काही ते पटलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी परत विचारून आली.