स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर मिळालेली रेघांची कवडी खरी कवडी आहे का?

तुम्हाला जॉन ओ ग्रोट्सच्या किनाऱ्यावर करंगळीच्या नखाएवढी, अंगभर रेघा असलेली गुलाबीसर कवडी मिळाली. इतक्या गार समुद्रात कवडी आली कुठून, असा तुमचा प्रश्न आहे.

दिसायला कवडी, जातीने नव्हे. मला पहिली मिळाली तेव्हा तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यातली माळच आठवली. घरी देव्हाऱ्यातल्या कवडीशेजारी ठेवली, मग फरक कळला. आपल्या कवडीची पाठ गुळगुळीत, दात फक्त पोटाकडच्या फटीला. हिच्या रेघा फटीपासून निघून पाठीवरून थेट पलीकडे उतरतात. ही ट्रिव्हिया. गोगलगायीच दोन्ही, पण कुळं वेगळी. खऱ्या कवड्यांना बहुतेक करून उबदार पाणी लागतं; हिला इथलं हाडं गोठवणारं पाणी मानवतं.

इथे दोन जाती मिळतात. पाठीवर तीन काळपट ठिपके असले तर ट्रिव्हिया मोनाका, नसले तर ट्रिव्हिया आर्क्टिका. पण लाटांनी घासून पांढरी पडलेली असेल तर ठिपक्यांवर जाऊ नका, ते आधीच पुसले गेलेले असू शकतात.

जिवंतपणी ती अंगाची मऊ घडी दोन्ही बाजूंनी वर घेऊन शंख जवळपास झाकून टाकते, पांघरूण घेतल्यासारखी. खाणं एकच: खडकाला चिकटून वाढणाऱ्या सी-स्क्वर्ट या पिशवीसारख्या मऊ समुद्री प्राण्यांच्या लिबलिबीत वसाहती, ज्यांच्यातल्या काहींवर चांदण्यांसारखी नक्षी असते. आणि पिल्लांची सोयही तिथेच! त्याच वसाहतीला कुरतडून खड्डा करते आणि त्यात सुरईच्या आकाराची अंड्यांची पिशवी बसवते, फक्त तोंड बाहेर ठेवून. जेवणाच्या ताटातच पाळणा बांधण्याचा प्रकार.

स्थानिक लोक हिला 'ग्रोटी बकी' म्हणतात. बकी म्हणजे शंख. पाकिटात एक ठेवली तर पैसा संपत नाही, असं मानतात. आपण 'कवडीमोल' म्हणून जिला हिणवतो तिच्या या लांबच्या पाहुणीला इथे चक्क पाकिटात जागा! दागिना म्हणून तर ती फारच जुनी: स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या ओरनसे बेटावर 6,000 वर्षांहून जुन्या शिंपल्यांच्या ढिगांत भोकं पाडलेल्या अशा कवड्या सापडल्या आहेत.

अजून हव्या असतील तर मोकळ्या वाळूत वेळ घालवू नका. भरतीच्या रेघेवर जिथे बारीक शंख-शिंपल्यांचा चुरा साचतो तिथे चक्क पालथं पडून बघा. उभ्याने दिसत नाहीत. मी पहिले दोन तास उभ्यानेच वाया घालवले. जाकीट मात्र जुनं घाला.