वाचकांचे प्रश्न : घरपट्टीची संगणक प्रणाली बदलताना

प्रश्न : मी एका लहान नगरपरिषदेचा सदस्य आहे. आमच्या कर विभागाच्या नोंदी अजूनही फॉक्सप्रो या माहितीसाठा ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमधील जुन्या प्रणालीत असून ती एकाच संगणकावर चालते. नव्या प्रणालीचा ठराव सभेपुढे येत आहे. सर्व माहिती आठवड्याभरात नव्या प्रणालीत जाईल, असे पुरवठादार सांगतो. हे शक्य आहे काय?

उत्तर : प्रणाली बदलणे आवश्यकच आहे, कारण व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या शेवटच्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे साहाय्यसुद्धा जानेवारी 2015 मध्ये संपले. आठवड्याभरात फाइली हलतील. नोंदी बरोबर आहेत की नाहीत, हे मात्र तेवढ्या वेळात कळणार नाही.

पहिली अडचण नावांची येते. त्या काळी मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांत, न भरता विशिष्ट फाँटमध्ये भरला जात असे. त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवला जाई. युनिकोडमधील क्रम नेमका उलटा आहे. रूपांतर निष्काळजीपणे झाले, तर ‘शिर्के’ यांचे ‘िशकेर्’ आणि ‘कुलकर्णी’ यांचे ‘कुलकणीर्’ होते. वाचणारा माणूस ते समजून घेतो, पण खिडकीवरच्या लिपिकाने ‘शिर्के’ असे टंकून शोध घेतल्यास मालमत्ता सापडत नाही, मग नवी नोंद केली जाते आणि एकाच घराला दोन बिले निघू लागतात. म्हणून रफार, वेलांटी आणि जोडाक्षरे असलेली नावे वेगळी काढून ती मूळ कर आकारणी यादीशी ताडून पाहण्याची अट करारातच घालावी.

दुसरी अडचण अधिक महाग पडते. घरपट्टीच्या बिलात मालमत्ता कराबरोबर शिक्षण कर, रोजगार हमी उपकर, वृक्ष कर अशी निरनिराळी शीर्षे असतात आणि त्यांपैकी शिक्षण कर व रोजगार हमी उपकर यांची रक्कम शासनाकडे भरावयाची असते. घाईच्या कामात केवळ ‘एकूण थकबाकी’ हा एकच आकडा नव्या प्रणालीत आणला जातो. असे झाले, की कोणत्या वर्षाची, कोणत्या शीर्षाची किती बाकी आणि त्यातील शास्ती (उशिराबद्दलचा दंड) किती, हे सांगता येत नाही. शास्ती दरमहा 2 टक्के दराने वाढत असल्यामुळे आरंभीच्या शिलकेतील चूकही त्याच दराने वाढत जाते. तेव्हा वर्षनिहाय व शीर्षनिहाय मागणी, भरणा आणि बाकी यांचा प्रभागवार मेळ जुन्या मागणी रजिस्टराशी बसल्यावाचून पुरवठादाराचे देयक अदा करू नये.

आणखी एक गोष्ट, जी सभेत सहसा कोणी काढत नाही : चतुर्वार्षिक फेरआकारणी आणि प्रणालीबदल एकाच वर्षी करू नयेत. कर वाढला तो मूल्यांकनामुळे की संगणकाच्या चुकीमुळे, हे मग नागरिकालाही कळत नाही आणि हरकत ऐकणाऱ्या अधिकाऱ्यालाही नाही.

प्रश्न : आमच्या गावी नवी प्रणाली आल्यानंतरच्या पहिल्याच बिलावर भरलेली रक्कम थकबाकी म्हणून आली असून माझ्याऐवजी जुन्या भाडेकरूचे नाव छापले आहे. यामुळे घरावरील माझा हक्क जाईल काय?

उत्तर : नाही. कर आकारणीची नोंद कर वसूल करण्यासाठी ठेवलेली असते; केवळ तिच्यामुळे मालकी मिळत नाही वा जातही नाही. तरीही दुरुस्ती लगेच करून घ्यावी. जुना व नवा मालमत्ता क्रमांक, भरणा पावत्यांच्या प्रती आणि खरेदीखत किंवा मालमत्ता पत्रक जोडून कर विभागाकडे लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. थकबाकी आणि नाव या दोन चुकांसाठी दोन स्वतंत्र अर्ज केलेले बरे, कारण नावाच्या चौकशीला वेळ लागतो आणि तोवर नसलेल्या थकबाकीवर शास्ती चढत राहते.